कागदी फुलाची बाजू
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

मराठी भाषेने कागदाला फारसे चांगले वागवलेले नाही. जो प्रत्यक्ष काम न करता नुसता पत्रव्यवहार करीत बसतो, तो कागदी घोडे नाचवतो. जी योजना पुरी होत नाही, ती कागदावरच राहते. एखाद्या कादंबरीतील पात्रे जिवंत वाटत नसतील तर वर्गात सर म्हणतात, "ही माणसे कागदी आहेत." आणि एखाद्याचे वागणे वरवर गोड असले, की त्याला कागदी फुलाची उपमा ठरलेली, दिसायला छान, वास मात्र नाही. ज्या वस्तूवर आपण सगळी विद्या लिहून ठेवली, जिच्यावर उत्तरे लिहून आपण पदवीधर होणार, तिच्याच नावाने आपण खोटेपणा ओळखतो, ही मोठी गंमत आहे. या लेखात मला कागदी फुलाची बाजू मांडायची आहे. वकीलपत्र कोणी दिलेले नाही. मीच घेतले आहे.

पण आधी फुलाफुलांतला फरक सांगितला पाहिजे, नाहीतर वाद भलतीकडे जाईल. बाजारात कागदी फूल म्हणून जे मिळते ते क्रेप कागदाच्या पाकळ्या कापून, तारेला गुंडाळून, वर हिरवी पट्टी चिकटवून केलेले असते. त्याची सारी धडपड खऱ्या गुलाबासारखे दिसण्याची. कोणी जवळ जाऊन "अरेच्चा, कागदाचे आहे होय!" म्हणाले, की त्या फुलाच्या जन्माचे सार्थक झाले. मी ज्याची बाजू घेतो आहे ते फूल असे फसवीत नाही. एक चौरस कागद घ्यायचा. तो कापायचा नाही, चिकटवायचा नाही, रंगवायचा नाही. फक्त घड्या घालायच्या. घालता घालता त्याचे फूल होते, आणि फूल झाल्यावरही तो कागद आहे हे कोणापासून लपत नाही. उलगडले की परत चौरस, अंगावर घड्यांच्या रेघा घेतलेला. जपानी लोक या कलेला ओरिगामी म्हणतात. ओरु म्हणजे घडी घालणे आणि कामी म्हणजे कागद.

न कापण्याचा हा नियम फार पुरातन आहे असे सांगण्याची एक पद्धत आहे, पण ती खरी नाही. १७९७ साली जपानात छापलेल्या 'सेम्बाझुरू ओरिकाता' या पुस्तकात कागदी क्रौंच पक्ष्यांचे ४९ प्रकार दिले आहेत, आणि त्यांत एकाच कागदाला चिरा देऊन चोचीला चोच, पंखाला पंख जोडलेले पक्षी केलेले आहेत. कात्रीला मज्जाव करण्याचा कडकपणा पुढे विसाव्या शतकात रुजला. मला मात्र हा कडकपणा आवडतो, आणि त्याचे कारण सौंदर्यशास्त्रातले नाही. शाळेत आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात फुले करायची असत, आणि फुलांसाठी क्रेप कागद, तार, हिरवी पट्टी, गोंदाची बाटली आणि चमकी आणावी लागे. ज्यांच्या घरून हे सामान येई त्यांची फुले होत. बाकीचे खिडकीपाशी बसून बघत. गुण फुलांना मिळत, बघण्याला नाही. पुढे जेव्हा मला समजले की असेही एक फूल आहे, ज्याला कागदावाचून काहीच लागत नाही, आणि कागदही एका बाजूने लिहिलेला चालतो, तेव्हा तो नियम मला कोणा श्रीमंत कलावंताचा छंद वाटला नाही. तो आपल्या बाजूचा नियम वाटला.

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन हस्तकला प्रदर्शनात मी बारा लिली आणि एक गुलाब ठेवला होता. परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी एक लिली हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "हे बालवाडीतले काम आहे. कॉलेजच्या मुलाने काहीतरी मोठे करायला हवे." माझ्या शेजारच्या टेबलावर साटीनच्या फितीची, चमकी लावलेली फुलदाणी होती, तिला पारितोषिक मिळाले. ती फुलदाणी चांगली होती. मला पारितोषिक मिळाले नाही म्हणून ही तक्रार आहे असे कोणी समजू नये. (थोडीशी आहे.) पण त्या वाक्यात जो समज दडलेला आहे तो एका गृहस्थांचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

खरे म्हणजे ते अर्धे बरोबर बोलले. घडीकाम बालवाडीतलेच आहे! फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने (१७८२-१८५२) किंडरगार्टन सुरू केले. या शब्दाचा अर्थच मुलांची बाग असा आहे. लहान मुलांच्या हाती देण्यासाठी त्याने जी साधने आणि जे उद्योग ठरवले, त्यांत कागदाच्या घड्या होत्या. १८७६ साली तोक्योच्या स्त्री-अध्यापक विद्यालयाला जोडून बालवाडी निघाली, तेव्हा फ्रोबेलच्या या घड्या जपानात गेल्या आणि तिथल्या घरोघरी चालत आलेल्या घड्यांत मिसळल्या. म्हणजे आज आपण ज्याला शुद्ध जपानी म्हणतो त्यातही थोडे जर्मन पाणी आहे. आणि थोडे आपलेही आहे म्हटले तर चालेल. १८९३ साली मद्रासला टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची कल्पना आपल्याला किंडरगार्टनच्या घडीकामावरून सुचली असे त्यांनी स्वतःच प्रारंभी लिहून ठेवले आहे. चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, एकापाठोपाठ एक, सारे घडीतून. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या लेखनात त्याची दखल घेतली आणि १९०१ साली त्याची आवृत्ती शिकागोहून निघाली. बालवाडीतल्या कामातून एका भारतीय माणसाने एवढे काढले. तेव्हा बालवाडीचे म्हणून हसायचे असेल तर जरा जपून हसावे.

आता प्रत्यक्ष फुलाकडे वळू. लिली करताना चौरस कागदाचा प्रथम एक लहान चौकोनी पाया करतात. त्याला चार कान असतात. एकेक कान उभा करायचा, त्यात बोट घालून पोकळ करायचा आणि चपटा दाबायचा. चारही कान झाले की प्रत्येक चपट्या भागाच्या दोन कडा मध्यरेषेला टेकवून परत उघडायच्या. इथपर्यंत कोणालाही जमते. पुढची पायरी मात्र निराळी आहे. मघाच्या खुणांवर कागदाची मोकळी कड वर उचलायची, आणि ती उचलतानाच दोन्ही बाजू आत येऊ द्यायच्या. आधी एक, मग दुसरी असे करता येत नाही. तीन घड्या एकाच वेळी घडतात. जोर केला तर कागद फाटतो. नीट उचलली तर कागद आपण होऊन आत वळतो, जणू त्याला कुठे जायचे ते आधीच ठाऊक होते. ज्याने हे एकदा अनुभवले त्याला मी काय म्हणतो ते कळेल. ज्याने नाही, त्याला दहा पाने लिहूनही कळणार नाही, म्हणून मी पुढे जातो. शेवटी बाजू अरुंद करून चार टोके खाली ओढायची आणि पेन्सिलीवर गुंडाळून पाकळ्यांना बाक द्यायचा. झाली लिली.

पण या लिलीला चार पाकळ्या! खऱ्या लिलीला सहा असतात. आमच्या आईने पहिल्याच दिवशी विचारले, "याला चारच का रे?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात सगळी भूमिती आहे. चौरसाला चार कोपरे, म्हणून त्यातून चार किंवा आठ पाकळ्या सहज निघतात. आपल्याकडे चार पाकळ्यांची फुले शोधायला गेले तर मुळ्याचे किंवा मोहरीचे फूल सापडेल. शेतात ज्याने पाहिले असेल त्याला ती अधिक चिन्हासारखी ठेवण आठवेल. परंतु जास्वंद पाच पाकळ्यांची. सदाफुली पाचाची, कण्हेर पाचाची, चाफाही पाचाचा. देवघरात आणि अंगणात जे फूल आपल्याला हवे ते नेमके पाचाचे, आणि कागद चाराचा. जपानी लोकांनाही ही अडचण आली. किक्यो नावाचे त्यांचे निळसर फूल पाच पाकळ्यांचे आहे. त्यासाठी ते कागदच पंचकोनी घेतात. आणि पंचकोन करण्याची एक युक्ती तर इतकी सोपी आहे की तिच्यापुढे माझ्या दहावीच्या भूमितीला मान खाली घालावी लागली. कागदाची एक लांब, सारख्या रुंदीची पट्टी घ्या. दोरीला मारतो तशी तिची साधी गाठ मारा, आणि हलके हलके ओढून चपटी करा. नियमित पंचकोन तयार! कंपास नाही, कोनमापक नाही. वाचकहो, विश्वास बसत नसेल तर या अंकाच्या पानाची पट्टी फाडू नका, दुसरा कागद घ्या, पण आत्ता करून बघा.

घडीकामात असे नियम आणखीही आहेत, आणि ते कोणी मनाने ठरवलेले नाहीत. मघाचा चौकोनी पाया उलगडून मधल्या बिंदूपाशी बघा. घडीत खरोखर कामाला आलेल्या रेघा मोजल्या तर एका जातीच्या, म्हणजे डोंगरासारख्या वर आलेल्या, चार भरतात आणि दुसऱ्या जातीच्या, दरीसारख्या खोल गेलेल्या, दोन. फरक दोन. कागद उलटा केला तर डोंगराच्या दऱ्या होतात, पण फरक दोनच. सपाट बसणाऱ्या कुठल्याही घडीत, कागदाच्या आतल्या कुठल्याही बिंदूपाशी हा फरक दोनच येतो. याला जुन माएकावा यांचे नाव आहे. त्याच बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन मिळवले तर १८० अंश भरतात. हा तोशिकाझु कावासाकी यांच्या नावाचा नियम. हे कावासाकी गणिताचे अध्यापक, आणि मी प्रदर्शनात ठेवलेला गुलाब त्यांचाच. म्हणजे त्यांनी रचलेला, मी घडवलेला. या 'रचलेला' आणि 'घडवलेला' यांतल्या फरकाकडे पुढे येतो. शेवटी एवढेच सांगतो की पट्टी आणि कंपास यांनी कुठलाही कोन तीन सारख्या भागांत विभागता येत नाही हे सिद्ध झालेले आहे, आणि कागदाच्या घडीने तो विभागता येतो. बालवाडीतले काम!

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येतो.

आमच्या घरी कागदाला सगळे भितात. कागद म्हणजे रेशनकार्ड, जातीचा दाखला, वीजबिल, दवाखान्याची फाईल. त्यांना घडी पडू नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत आडवे ठेवलेले असतात. नाना मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना सही येते, वाचता फारसे येत नाही. आईला अक्षरओळख नाही. ती अंगठा उठवते. कॉलेजात येणारा आमच्या घरातला मी पहिला. मी पुस्तक उघडून बसलो की घरातले आवाज हळू होतात, आणि त्या शांततेचा मला अभिमान वाटावा की संकोच, हे अजून ठरलेले नाही.

आणि हीच आई गेली कित्येक वर्षे औषधाच्या दुकानांसाठी कागदी पाकिटे करते. जुना कागद, खळ, आणि तिचे दोन हात. बोलता बोलता, भात शिजतो तेवढ्या वेळात, गठ्ठा हातावेगळा करते. घडी घातली की अंगठ्याच्या नखाने एकच फराटा, कोपरा कधी चुकत नाही. याला आम्ही कोणी विद्या म्हणत नव्हतो. ते काम होते.

रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला घडीकामाचे एक पुस्तक मिळाले. ते जपानी होते. वरपासून खालपर्यंत एक अक्षर कळेना. पण आकृत्या होत्या, आणि आकृत्यांत रेघा होत्या. नुसत्या लहान लहान तुटक रेघा दिसल्या तर ती घडी दरीसारखी आत मोडायची. रेघ आणि टिंब, रेघ आणि टिंब असे असेल तर डोंगरासारखी बाहेर मोडायची. बाण कुठे वळतो ते बघायचे. वेटोळे घेतलेला बाण म्हणजे कागद उलटा करा. बस्, एवढीच बाराखडी. मी लिलीच्या मघाच्या त्या अवघड पायरीपाशी बराच वेळ पुस्तक धरून बसलो होतो. आईने पाकिटे बाजूला सारून विचारले, "काय बघतोस रे इतका वेळ?" मी तिला तुटक रेघ आणि टिंबाची रेघ यांचा अर्थ सांगितला. तिने आकृतीवर बोट ठेवले, पुढच्या आकृतीवर ठेवले, परत मागे आली. "म्हणजे ही आत आणि या दोन्ही तिच्यासंगट येणार. एकटी नाही यायची ही." आणि कागद घेऊन तिने कड उचलली. दोन्ही बाजू आत आल्या.

त्या पुस्तकापुढे मी आणि आई दोघेही सारखेच निरक्षर होतो. आणि दोघांमध्ये आधी वाचले तिने. मी हे भावुक होऊन लिहीत नाही. मला एक प्रश्न पडला आहे तो विचारतो. कागदावरच्या खुणा बघून त्यांचा अर्थ लावणे, पुढचे मागचे ताडून बघणे, आणि त्याप्रमाणे करणे, याला आपण वाचन म्हणतो की नाही? म्हणत असू तर माझ्या आईला वाचता येते. आणि म्हणत नसू, तर आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला चिन्ह आणि अर्थ यांच्याविषयी जे शिकतो ते काय आहे, हे आमच्या प्राध्यापकांनीच सांगावे.

ही खुणांची लिपी ज्याने घडवली तो माणूसही ध्यानात घेण्यासारखा आहे. अकिरा योशिझावा १९११ साली जपानात गवळ्याच्या घरी जन्मले. तेरा वर्षांचे असताना तोक्योत लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे तिथेच आराखडे काढण्याच्या कामावर बढती मिळाली आणि नव्या कामगारांना भूमिती समजावण्याचे काम अंगावर आले, ते त्यांनी कागदाच्या घड्या घालून केले. १९३७ साली नोकरी सोडली आणि घडीकामालाच वाहून घेतले. त्यानंतरची कितीतरी वर्षे दारिद्र्यात गेली. त्सुकुदानी नावाचे एक मुरवलेले तोंडीलावणे दारोदार विकून त्यांनी पोट भरले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी एका सचित्र नियतकालिकासाठी केलेल्या त्यांच्या कामाने लोकांचे लक्ष गेले, १९५४ साली पुस्तक निघाले, आणि त्या पुस्तकात या तुटक रेघा, टिंबे व बाण होते. पुढे अमेरिकेतल्या सॅम्युएल रँडलेट यांनी त्यांत थोडी भर घातली आणि ती पद्धत जगभर चालू झाली. १९८३ साली जपानच्या सरकारने त्यांना मोठा मानाचा किताब दिला. १४ मार्च २००५ रोजी, आपल्या ९४ व्या वाढदिवशीच, ते वारले. कारखान्यातल्या कामगारांना शिकवणाऱ्या माणसाने केलेली ही लिपी आमच्या खोलीत पाकिटे करणाऱ्या बाईपर्यंत विनासायास पोचली, यात मला नवल वाटत नाही. तिला बहुधा तिकडेच यायचे होते.

हल्ली कोणी म्हणेल की आकृत्या कशाला, मोबाईलवर व्हिडिओ आहेत, बघून करावे. मीही बघतो. पण व्हिडिओत दुसऱ्याचा हात चालतो आणि आपला हात त्याच्या मागे फरफटतो. फूल होते, ते कसे झाले ते विचारले तर सांगता येत नाही. आकृती वाचताना दोन चित्रांच्या मधले जे काढलेले नाही ते आपल्याला मनात घडवावे लागते. माझ्या मते सगळी कमाई त्या मधल्या जागेत आहे. दुसरे असे की बहुतेक व्हिडिओंत फूल कोणी रचले त्याचे नावच नसते. जसे काही गुलाब झाडाला लागावा तसा तो इंटरनेटला लागला आहे!

यावर एक आक्षेप माझ्या वर्गमित्राने घेतला, आणि तो वजनदार आहे. तो म्हणाला, "रचना कावासाकींची, आकृती पुस्तकातली; तू नुसती नक्कल करतोस. यात तुझी कला कुठली?" मी त्याला विचारले, ख्याल गाणारा गवई बंदिश स्वतः बांधतो का? दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी बांधलेली चीज तो गातो, शब्द तेच, राग तोच. तरी एकाचे गाणे ऐकायला आपण थांबतो आणि दुसऱ्याचे चालू असताना चहाला उठतो. एकाच आकृतीवरून आईने केलेली लिली आणि मी केलेली लिली शेजारी ठेवा. तिची टोके सुईसारखी येतात. माझ्या पाकळ्यांना बाक बरा असतो. मित्राचे समाधान पुरते झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झालेले नाही. रचणारा आणि घडवणारा यांत रचणारा मोठा हे मला मान्य आहे. म्हणूनच रचणाऱ्याचे नाव लिहावे असा माझा आग्रह आहे. पण घडवणारा म्हणजे कोणीच नाही, हे मान्य नाही.

नानांचा प्रश्न वेगळा. ते एकदा लिली हातात घेऊन म्हणाले, "झ्याक हाय. पर ह्याचं पुढं काय हुतं?" बी. ए. विषयीही त्यांचा हाच प्रश्न आहे, पण तो ते विचारत नाहीत. अशा वेळी घडीकामाचे कैवारी ताबडतोब उपग्रह काढतात. जपानचे कोर्यो मिउरा यांनी एक घडी शोधली. मोठा पत्रा तिने लहानशा जागेत मावतो आणि एका झटक्यात उलगडतो. १९९५ साली जपानने अवकाशात सोडलेल्या यानावर तिचा प्रयोग झाला. हे खरे आहे आणि थोर आहे. पण फुलाची वकिली करायला उपग्रहाला साक्षीला बोलावणे मला पटत नाही. उद्या उपग्रहाला दुसरी बरी घडी मिळाली तर काय फूल खोटे ठरणार? मुलगा असून फुले करतो म्हणून काही मित्र मला 'माळीबुवा' म्हणतात; त्यांनाही मी उपग्रह दाखवीत नाही. देवळापुढे हार गुंफणारे फुलारी बहुतेक पुरुषच असतात, एवढी आठवण देतो. नानांना मात्र मला काही उत्तर देता आले नाही. त्यांनी लिली खिशात घातली आणि यार्डात नेली. कोणाला दाखवली ते सांगितले नाही, आणि परत आणलीही नाही.

आपल्या महाविद्यालयात घडीकामाची आठवण स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री होते. सजावट समितीला फुले हवी असतात, आणि मग "तू ते कागदाचे करतोस ना, शंभर करून दे" असा निरोप येतो. मी शंभर करून देतो. त्यात मला कमीपणा नाही. पण दुसऱ्या दिवशी ती झाडून टाकतात, आणि त्याबरोबर ती गोष्टही संपते. माझे म्हणणे एवढेच आहे की ग्रंथालयात घडीकामाची दोन-चार पुस्तके असावीत, आणि ती छंद या कप्प्यात न ठेवता भूमितीच्या किंवा लिपीच्या शेजारी ठेवावीत. प्रदर्शनात फुलाखाली दोन नावे लिहावीत, रचणाऱ्याचे आणि घडवणाऱ्याचे. आणि ज्या दिवशी पालकांना बोलावतात त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवून भाषणे ऐकवण्याऐवजी एक टेबल मांडावे, कागद ठेवावेत, आणि आमच्या आयांना आम्हाला शिकवू द्यावे. हे शेवटचे मी प्राचार्यांना तोंडी विचारायला धजलो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

तोपर्यंत ज्यांना हात लावून बघायचा आहे त्यांच्यासाठी दर शनिवारी शेवटच्या तासानंतर मी ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात बसतो. कागद आपापला आणावा. घोटीव कागद आणू नये; घडीवर त्याचा रंग उडतो आणि पांढरी रेघ दिसते. वर्तमानपत्र फार मऊ, त्याला टोक येत नाही. पुस्तकाला घालतो तो खाकी कागद उत्तम, किंवा एका बाजूने छापलेला झेरॉक्सचा रद्दी कागदही चालतो. कोपरा समोरच्या कडेला टेकवून तिरकी घडी घातली की चौरस मिळतो आणि खाली एक पट्टा उरतो. तो फेकू नका. त्याच्या दोन-दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करून ठेवा, पंचकोनाच्या गाठीला लागतात. जास्वंद अजून मला जमलेली नाही. आईचे आणि माझे तिच्यावर काम चालू आहे.